अंगणांतील हिरवळ आणि तिचे आगंतुक



इतिहास म्हटला कीं राजे, लढाया आणि तह हींच आपल्या डोळ्यांपुढें उभीं राहतात. सारा जन्म शाळेंत सनावळ्या घोकून घेण्यांत घालविलेल्या मास्तरानें आज गवताविषयीं बोलावें, याचें आपणांपैकीं कित्येकांस नवल वाटेल. परंतु ज्या गवतावर आपण सायंकाळीं खुर्ची टाकून बसतां त्यालाही सनावळी आहे. आणि त्यांत जे आगंतुक दर मृगाला डोकें वर काढतात त्यांची वंशावळ तर साता समुद्रांपलीकडे जाऊन पोंचते. यवतमाळसारख्या जिल्ह्याच्या गांवीं आतां नव्या वसाहती वाढल्या आहेत व पुष्कळ घरांपुढें चार हात का होईना, हिरवळ राखलेली दिसते. पावसाळ्यांत ती तणानें भरून गेली म्हणजे गृहस्थ त्रासतो, दुकानांतून औषध आणतो, एखादा मजूर बोलावतो आणि फवारून घेतो. हें करण्यापूर्वीं तें तण कोण, कोठून आलें आणि तें घालविण्याचे पूर्वापार उपाय कोणते, हें समजून घेणें हिताचें आहे.

प्रथम एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. तण नांवाची कोणतीही वेगळी जात वनस्पतिशास्त्रांत नाहीं. जेथें जें नको तेथें तें उगवलें म्हणजे त्याला आपण तण म्हणतों. याचें उत्तम उदाहरण आपल्या पायाखालींच आहे. आपल्याकडील बहुतेक हिरवळी ज्या गवताच्या असतात तें गवत म्हणजे हरळी, अर्थात् दूर्वा. यवतमाळहून नागपूरकडे जातांना वाटेंत कळंब लागतें. तेथील चिंतामणीचें देऊळ जमिनीच्या पातळीखालीं आहे, आणि पायऱ्या उतरून जाणारा भक्त याच दूर्वांची जुडी हातांत घेऊन जातो. त्याच रस्त्याच्या दोहों बाजूंस कपाशीचीं शेतें आहेत. तेथील शेतकरी मात्र धुऱ्यावरून आंत शिरणाऱ्या हरळीला शिव्याशाप देत असतो. कारण तिच्या प्रत्येक पेऱ्याला मूळ फुटतें, आणि वखरानें तोडलेला एकेक तुकडा नवें बेट धरतो. देवळांत पूज्य, शेतांत वैरीण आणि बंगल्यांत लाडकी, अशीं एकाच गवताचीं तीन रूपें एका कोसाच्या आंत पाहावयास मिळतात.

वऱ्हाडांतील जुन्या घरापुढें हिरवळ नसे. अंगण हें चोपून, सारवून, शेणाचा सडा घालून स्वच्छ ठेवावयाचें. त्यांत तुळशीवृंदावन आणि एका कडेला फुलझाडें एवढीच हिरवाई. अंगणांत गवत माजणें हें घर ओस पडल्याचें लक्षण समजत. उन्हाळ्यांत तेथें बाजा टाकून निजावयाचें, धान्य वाळवावयाचें, मुलांनीं खेळावयाचें. गवत असतें तर विंचू-किरडूंचें भय वाढलें असतें. थोडक्यांत, आपल्या पूर्वजांना जें अंगण नीटनेटकें वाटे त्यांत गवताची काडीही नसे.

तणाशीं खरें युद्ध चाले तें शेतांत. "तण खाई धन" ही म्हण काळ्या जमिनीच्या मुलखांत कोणास समजावून सांगावी लागत नाहीं. कुंदा, कांस, हरळी आणि लव्हाळा हे चार जुने शत्रू. पेरणीपूर्वीं वखराच्या पाळ्या, पीक वर आल्यावर ओळींमधून डवरा, आणि डवऱ्याच्या पासेला जें सांपडत नाहीं त्यासाठीं निंदण, असा क्रम ठरलेला असे. निंदण हें बायकांचें काम. पावसाच्या उघडिपींत ओळीनें बसून, हातांत विळा-खुरपें घेऊन, रोजानें येणाऱ्या या बायांनीं पिढ्यान् पिढ्या वऱ्हाडचा कापूस राखला. कापसाच्या इतिहासांत गिरण्यांचीं नांवें येतात, मुर्तिजापूर-यवतमाळ या धाकट्या रेल्वेचें १९०३ हें सालही येतें; निंदणाऱ्या बाईचें नांव कोठेंही येत नाहीं.

आणि याच बाया घरीं परततांना ओच्यांतून कांहीं तण घेऊन येत. कोवळा तरोटा, घोळ, माठ, केना, कुरडू या पावसाळ्यांतील भाज्या शेतकऱ्याच्या घरीं आवडीनें शिजतात. एकदांडीला, जिला विदर्भांत कंबरमोडी म्हणतात, चुरगाळून तिचा रस कापल्या-खरचटल्यावर लावतात. आघाडा पूजेच्या पत्रींत लागतो. म्हणजे तण उपटावयाचें खरें, परंतु तें ओळखूनपाळखून. ही ओळख आपण शहरवासीयांनीं गमावली आहे, आणि म्हणूनच सर्वांना एकच औषध लागू करण्याची घाई आपल्याला होते.

कांसाविषयीं एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. याचीं मुळें इतकीं खोल जातात कीं बैलांचा नांगर त्यापुढें हात टेकतो. देश स्वतंत्र झाला तेव्हां मध्य हिंदुस्थानांतील विस्तीर्ण जमिनी कांसाखालीं पडीक होत्या, आणि धान्याची तर टंचाई. त्या जमिनी मोठ्या ट्रॅक्टरांनीं खोल नांगरण्यासाठीं १९४९ च्या सप्टेंबरांत जागतिक बँकेनें आपल्या देशाला एक कोटी डॉलरांचें कर्ज दिलें. एका गवतापायीं राष्ट्राला कर्ज काढावें लागलें, यावरून तण हा विषय क्षुल्लक नाहीं हें सहज ध्यानांत येईल.

आतां हिरवळ आपल्याकडे कशी आली तें पाहूं. हिरवळ ही मूळची इंग्लंडच्या थंड व ओलसर हवेची वस्तु. तेथेंही ती प्रथम धनिकांच्या वाड्यांपुढेंच असे, कारण ती कोयत्यानें कापावयास माणसांचा ताफा लागे. १८३० मध्यें ग्लॉस्टरशायर परगण्यांतील एडविन बडिंग नांवाच्या कारागिरानें लोकरी कापडावरील लव छाटण्याच्या यंत्रावरून गवत कापण्याचें यंत्र तयार केलें, आणि तेव्हांपासून मध्यम स्थितींतील लोकांच्या दारींही हिरवळ आली. इकडे १८५३ मध्यें वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखालीं गेला. १८६४ मध्यें आपला जिल्हा स्वतंत्र झाला. तो पुढें वणी जिल्हा म्हणून ओळखला जाई, आणि १९०५ मध्यें त्याला यवतमाळ हें नांव मिळालें. जिल्ह्याचा गांव म्हटला म्हणजे कचेरी, कचेरी म्हटली म्हणजे साहेब, आणि साहेब म्हटला म्हणजे बंगला व त्याचें आवार. परंतु विलायती गवत आपल्या वैशाखवणव्यांत टिकेना. तेव्हां हिंदुस्थानांतील साहेबलोकांनीं हरळीचाच आश्रय केला, कारण ती उन्हानें करपली तरी मरत नाहीं आणि पहिल्या पावसासरशी पुन्हा हिरवी होते. शेतकऱ्यानें जी धुऱ्याबाहेर फेकली तिला माळ्यानें पाणी घालून वाढविलें. साहेब गेले, बंगल्यांत आपले अधिकारी आले, मग वकील-डॉक्टरांच्या घरांपुढें आणि आतां आपणां सर्वांच्या घरांपुढें तीच हरळी आली.

हिरवळीबरोबर तिच्या शत्रूंचीही गणना सुरू झाली. यांतील लव्हाळ्यासारखे कांहीं जुनेच आहेत, पण पुष्कळसे परदेशचे आहेत. जिच्या रसाची आपण इतकी थोरवी गातों ती एकदांडी मूळची मध्य अमेरिकेची. कुंपणांतून पसरणारी घाणेरीही अमेरिकेचीच. तीही प्रथम बागेची शोभा म्हणून आणली गेली आणि मग रानोमाळ झाली. निवडुंगाची कथा तर अधिकच बोधप्रद आहे. ईस्ट इंडिया कंपनीला किरमिजी रंग देणारे किडे पाळावयाचे होते. १७९५ मध्यें ब्राझीलहून कलकत्त्यास आणलेले किडे भलत्याच जातीचे निघाले. त्यांच्यापासून चांगला रंग मिळेना. मात्र त्यांनीं निवडुंगाची एक जात पार खाऊन टाकली! पुढें १९२६ च्या सुमारास याच कुळांतील दुसरा किडा सिलोनहून दक्षिण हिंदुस्थानांत आणून फड्या निवडुंगाचा बंदोबस्त करण्यांत आला. एका सजीवाकडून दुसऱ्याला आवर घालण्याचा हा धडा पुढें कामास आला.

तो कामास आला गाजरगवताच्या बाबतींत. पानें गाजरासारखीं आणि वर बारीक पांढऱ्या फुलांचे झुबके, असें हें झुडूप आज ज्यानें पाहिलें नाहीं असा मनुष्य महाराष्ट्रांत सांपडणें कठीण. त्याचें मूळ स्थान अमेरिका खंडांतील उष्ण प्रदेश. १९५५ मध्यें पुण्यांत उकिरड्याच्या जागीं तें आढळलें, आणि १९५६ मध्यें आर. एस. राव या वनस्पतिशास्त्रज्ञांनीं मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकांत भारतांतील नवी नोंद म्हणून तें प्रसिद्ध केलें. लोकांनीं त्याला काँग्रेस गवत असेंही नांव दिलें. पांढऱ्या टोप्यांसारखीं फुलें म्हणून, असें सांगतात.

हें गवत पी. एल. ४८० च्या गव्हाबरोबर आलें, असें आपल्याकडे लहानथोर सांगतात. विदर्भांत तर १९७२ च्या दुष्काळांत, आपल्याच पुसदकडचे वसंतराव नाईक मुख्यमंत्री असतांना, जी तांबडी मिलो ज्वारी लोकांनीं खाल्ली तिच्यावरही हा आळ घालतात. शाळामास्तराला येथें सनावळी उपयोगी पडते. पी. एल. ४८० हा अमेरिकेचा कायदा १९५४ चा, आणि त्याखालीं भारताशीं पहिला करार झाला तो २९ ऑगस्ट १९५६ रोजीं. पुण्याच्या उकिरड्यावर झुडूप उभें होतें १९५५ मध्यें. कार्य आधीं आणि कारण मागाहून, असें इतिहासांत घडत नाहीं. अमेरिकन गहूच त्याचें वाहन असेल, तर १९५१ च्या गहू-कर्जाच्या वेळीं आलेल्या सुमारें वीस लक्ष टनांकडे बोट दाखवावें लागेल. शिवाय रॉक्सबर्गच्या १८१४ मधील कलकत्त्याच्या उद्यानाच्या यादींतही या वनस्पतीचें नांव आहे. १९७२ च्या मिलोचा तर प्रश्नच उद्भवत नाहीं. भुकेच्या दिवसांत दुसऱ्याच्या घरचें धान्य खावें लागलें, याचा सल लोकांच्या मनांत राहिला, आणि त्या सलाला दृश्य रूप म्हणून हें कडू गवत सांपडलें, इतकाच त्या कथेचा अर्थ. लोककथेचा मान राखावा, पण साक्ष मात्र तारखेची घ्यावी.

हें गवत इतकें पसरलें कां, हें कळलें म्हणजे त्याचा उपायही कळतो. एका झाडाला दहा ते पंचवीस हजारांपर्यंत बिया धरतात. त्या हलक्या असल्यामुळें वारा, पाणी, गाड्यांचीं चाकें, बांधकामाची वाळू व माती या सर्वांबरोबर प्रवास करतात. गुरें त्याला सहसा तोंड लावीत नाहींत, आणि खाल्लेंच तर दुधाला कडवटपणा येतो. पुष्कळांना त्याच्या स्पर्शानें त्वचेचा हट्टी विकार जडतो, कांहींना श्वासाचा त्रास होतो. १९७० नंतरच्या दशकांत पुण्याच्या डॉक्टरांनीं अशा रुग्णांची शास्त्रीय नोंद केली. परंतु त्याची खरी आवड उघड्या, उकरलेल्या जमिनीची आहे. दाट गवतांत त्याचें रोप सहसा जीव धरीत नाहीं. रिकामा प्लॉट, नव्या घराभोंवतीं पसरलेला मुरूम, रस्त्याची कड, या त्याच्या आवडत्या जागा. हिरवळींत तें उगवलें असेल तर तेथील हरळी विरळ झाली आहे, असें खुशाल समजावें.

निवडुंगाच्या धड्याचें स्मरण ठेवून शास्त्रज्ञांनीं १९८३ मध्यें मेक्सिकोहून एक लहानसा भुंगेरा बंगलोरास आणला, आणि परीक्षा करून १९८४ मध्यें सोडला. पिवळसर अंगावर काळ्या रेघा असलेला हा मेक्सिकन भुंगेरा व त्याच्या अळ्या पावसाळ्यांत गाजरगवताचीं पानें फस्त करतात आणि उरलेलें वर्ष मातींत निजून काढतात. आपल्या आवारांत तो दिसला तर त्याला कीड समजून मारूं नये. जबलपूर येथील तणसंशोधनाची राष्ट्रीय संस्था दरवर्षीं १६ ते २२ ऑगस्ट हा आठवडा गाजरगवताविषयीं जागृति करण्यासाठीं पाळते; कारण तीच त्याला फुलापूर्वीं गांठण्याची वेळ असते.

आतां औषधांकडे वळूं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत इंग्लंड-अमेरिकेंतील गुप्त संशोधनांतून टू-फोर-डी हें द्रव्य पुढें आलें. रुंद पानांचें तण मरतें व गवत जगतें, हा त्याचा गुण; म्हणून १९४५ पासून अमेरिकेंत तें हिरवळींसाठीं विकलें जाऊं लागलें. १९७४ मध्यें ग्लायफोसेट बाजारांत आलें. तें गवत आणि रुंद पानें असा भेद करीत नाहीं, हिरवें तेवढें जाळतें. पुढें निंदणाला मजूर मिळेनात, मिळाले तर रोज परवडेना, असें होऊन कपाशीच्या मुलखांत या द्रव्याला तोंड देणारें, पण सरकारची मान्यता नसलेलें बियाणें पसरलें. जून २०१९ मध्यें अकोला जिल्ह्यांतील अकोली जहागीर येथें शेतकऱ्यांनीं तें उघडपणें पेरून सत्याग्रहच केला. निंदणारी बाई शेतांतून कशी बाहेर पडली, त्या इतिहासांतील हें एक पान.

परंतु यवतमाळच्या माणसाला फवारणीचा विचार करतांना दुसरें एक साल विसरतां येत नाहीं. २०१७ च्या पावसाळ्यांत कपाशीवर फवारणी करतांना विषबाधा होऊन आपल्या जिल्ह्यांत वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखीं पडले. शेंकडों रुग्णालयांत पोंचले. तीं औषधें किडींचीं होतीं, तणाचीं नव्हेत, हें सत्यासाठीं सांगितलें पाहिजे. तथापि फवारणारे हात तेच आहेत. उंच वाढलेल्या कपाशींत, हातमोजा नाहीं, तोंडावर एक फडकें, असा जो मनुष्य पंप पाठीला बांधून उभा होता, तोच हंगाम सरल्यावर आपल्या वसाहतींत रोजाचें काम शोधीत येतो. पिकांत शिरणाऱ्या किडीनें शेतकऱ्याचें वर्ष बुडतें. तेथें औषधाची निकड तरी समजतां येते. आपल्या चार हात हिरवळीच्या शोभेसाठीं त्या मनुष्याच्या पाठीवर पुन्हा तो पंप चढवावा काय, हा प्रश्न प्रत्येकानें आपल्या मनाला विचारावा. २०२२ च्या ऑक्टोबरांत केंद्र सरकारनेंही ग्लायफोसेटचा वापर कीडनियंत्रणाचा धंदा करणाऱ्या परवानाधारकांपुरताच मर्यादित करण्याचा आदेश काढला. शिवाय आपल्या गांवाबाहेर सर्वत्र कपाशी आहे. आणि टू-फोर-डीच्या वाऱ्यावर उडालेल्या थेंबांनींसुद्धां कपाशीचीं पानें आक्रसून पिकाची हानि होते, हें कोणीही शेतकरी आपल्याला सांगेल.

मग करावें काय? उपाय साधे आहेत आणि ते ऋतुमानाप्रमाणें आहेत. उन्हाळ्यांत, जेथें लव्हाळा माजला असेल तेवढी जागा वीतभर खणून त्याच्या गांठी वर काढाव्या व उन्हांत वाळूं द्याव्या. लव्हाळ्याची पात नुसती उपटणें व्यर्थ. जमिनींतील गांठ शाबूत असली कीं आठ दिवसांत नवी पात हजर. जगांतील अत्यंत त्रासदायक तणांत त्याची गणना उगीच होत नाहीं. मात्र त्याला सावली व कोरडेपणा सोसत नाहीं. मृगापूर्वीं कुंपणाच्या बाहेर, जेथें हिरवळ नको आहे तेथें, तरोट्याचें बी फेकावें. तो दाट वाढून गाजरगवताला जागाच ठेवीत नाहीं. पहिल्या पावसानंतर पंधरा-वीस दिवसांनीं, जमीन ओली असतांना, रोपें मुळासकट सहज निघतात. गाजरगवत, दुधी, तरोटा सर्व याच वेळीं काढावीं. गाजरगवत उपटणाऱ्यानें हातमोजे घालावे, अंग झांकावें, आणि ज्याला त्वचेचा वा श्वासाचा त्रास आहे त्यानें तें काम करूंच नये. फुलावर येण्यापूर्वीं उपटलेल्या झाडांचें खत होतें. फुलावर आलेलीं मात्र उकिरड्यावर टाकूं नयेत, नाहींतर पुढच्या वर्षीं बागेंत खताबरोबर बींच पसरावयाचें.

श्रावणांत हरळी जोरानें वाढते. ती पार जमिनीसरसी कापण्याची हौस पुष्कळांना असते. त्यानें माती उघडी पडते आणि आगंतुकांना आमंत्रण मिळतें. दोन-तीन बोटें उंची राखून वारंवार कापावें. रिकामे पडलेले डाग आश्विनाची वाट न पाहतां हरळीच्या पेऱ्यांनीं लगेच भरून काढावे. हिवाळ्यांत चंदनबटवा, हरणखुरी वगैरे तण येतें. तें थोडें असतें व हातानें निघतें, फक्त हरणखुरीचें मूळ खोलवर शोधावें लागतें. बाहेरून माती किंवा शेणखत आणलें तर तें एकदां भिजवून, आंतील बी उगवूं देऊन, मग पसरावें. एवढें दोन-तीन वर्षें नेमानें केलें म्हणजे हरळी स्वतःच आपलें राखण करूं लागते.

या कामाला बाई किंवा माणूस लावावयाचा असेल तर अवश्य लावावा. विदर्भाच्या निंदणाऱ्या बाईइतकें तण ओळखणारें दुसरें कोणी नाहीं. तिला योग्य रोज द्यावा, हातमोजे द्यावे, आणि ती ओच्यांत जो तरोटा-घोळ बाजूला ठेवील त्याची भाजी कशी करावयाची तें तिला विचारावें. शंभर वर्षांपूर्वीं साहेबानें जिला आवारांत आणलें ती हरळी तिच्या शेतांतलीच होती, आणि तिचें स्वरूप ती आपणांपेक्षां अधिक जाणते.